आधी पाणी बघ, मग पंप

छोटे, तुझ्या प्रेशर वॉशरचं काही माझ्या डोक्यातून जात नाही. मोटर फिरते, आवाज नेहमीसारखा येतो, पण गन दाबली की पाणी झटके देत येतं, मध्येच नुसता फवारा पडतो. दुकानदार म्हणाला पंप गेला, नवीन मशीन घ्या. पाव्हण्यांनी मान डोलावली आणि तूही गप्प बसलीस. मला ते पटलेलं नाही. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून सगळं लिहून पाठवतेय. नीट वाच. वाचून, करून बघेपर्यंत नव्या मशीनचे पैसे मोजू नकोस.

मला जे कळलंय ते सांगते. आपल्याकडे धुळ्या-जळगावात हे पंप फार वापरल्याने मरत नाहीत, त्यांच्या पोटात जाणाऱ्या पाण्याने मरतात. ते पाणी कमी पडतं, गढूळ असतं, खारं असतं, नाहीतर उन्हाने तापलेलं असतं. म्हणून दोष शोधायचा तो टाकीपासून. पाणी ज्या वाटेने येतं त्या वाटेने तू चालत ये. टाकी, पाइप, गाळणी, मग पंप, शेवटी नोझल. पुष्कळजण गनपासून उलटे सुरू करतात आणि पहिल्याच दमात पंपाचे बोल्ट ढिले करतात. बिघाड बाहेरच राहतो आणि आत नवा तयार होतो.

पेटीच्या आत काय आहे ते एकदा समजून घे, म्हणजे भीती जाईल. मोटरच्या दांड्यावर एक तिरकी चकती असते. ती फिरली की तीन छोटे पिस्टन पाळीपाळीने पुढेमागे होतात. प्रत्येक पिस्टनला दोन व्हॉल्व्ह असतात, एक पाणी आत घेणारा आणि एक बाहेर सोडणारा, म्हणजे सगळे मिळून सहा. पिस्टनभोवती रबरी सील असतं, कुकरच्या झाकणातल्या रिंगसारखं. ते कडक झालं, चिरलं की दाब टिकत नाही. बस, एवढंच यंत्र. शेतात केळीवर, कपाशीवर फवारायला जो एचटीपी पंप वापरतात तोही तीन पिस्टनचाच. रावेर-यावलकडची मुलं तो बांधावर बसून खोलतात, सील बदलतात आणि परत फवारणीला लागतात. तुझ्या मशीनचा पंप त्याचाच चुलतभाऊ आहे, फक्त दाब जास्त. फवारणीचा पंप साधारण २० ते ४० बारवर चालतो, घरगुती वॉशर १०० बारच्या वर जातो.

१०० बार म्हणजे किती, ते लक्षात राहावं म्हणून सांगते. पाण्याचा दहा मीटर उंच खांब उभा केला तर त्याच्या तळाशी एक बार दाब येतो. म्हणजे १०० बारला हजार मीटरचा खांब लागेल. आपलं तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण तेवढ्याच उंचीवर आहे, थोडं वर. एवढा दाब ते तीन बोटभर पिस्टन तयार करतात. साध्या इंडक्शन मोटरवर चकती थेट बसवलेली असेल तर मिनिटाला सुमारे २८०० फेरे होतात, म्हणजे एकेक पिस्टन सेकंदाला शेहेचाळीस-सत्तेचाळीस वेळा पुढेमागे होतो. सील त्या वेगाने घासलं जातं आणि त्याला ओलावा आणि थंडावा देतं ते फक्त येणारं पाणी. पाणी तुटलं की सील थोड्या वेळातच तापून खरवडलं जातं. म्हणून मी पाण्यापाण्याचा एवढा जप करतेय.

आता पहिलं काम. मशीन लावूच नकोस. ज्या नळाला तू त्याचा पाइप जोडतेस त्या पाइपचं दुसरं टोक दहा लिटरच्या बादलीत सोड आणि घड्याळ लाव. मशीनच्या पाटीवर पाणी किती लागतं ते लिहिलेलं असतं. तासाला ३६० लिटर असं लिहिलं असेल तर मिनिटाला सहा. घरगुती मशीनला सहा-सात लिटर लागतात, आणि नळाने त्याच्या दीडपट तरी दिलं पाहिजे. म्हणजे बादली मिनिटाभरात भरायला हवी. दोन मिनिटं लागली तर मिनिटाला पाचच लिटर आले. पंप सहा मागतोय, त्याला पाच मिळताहेत. झटके तिथूनच येतात, छोटे. पंपाचा काही दोष नाही.

धुळ्याला देवपुरात तुमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, मला ठाऊक आहे. तापी योजनेचं असो, नकाणे किंवा डेडरगाव तलावाचं असो, आलं की खालच्या टाकीत भरायचं, मोटरने गच्चीवर चढवायचं आणि मग वापरायचं. गच्चीची टाकी एका मजल्यावर असली तर खाली अंगणात जेमतेम तीन-चार मीटरचा दाब मिळतो. त्यात अर्ध्या इंचाचा जुना लोखंडी पाइप आतून गंजलेला, वर लांबलचक हिरवी नळी. पाणी पोहोचणार किती? आमच्याकडे जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण तेही दिवसाआड किंवा त्याहून उशिरा, म्हणजे साठवणं आलंच. आणि साठवणं म्हणजे टाकीच्या तळाला गाळ. पावसाळ्यात पहिले पूर आले की नळाचा रंग तू बघतेसच. टाकी अर्ध्याखाली गेली की तोच बारीक गाळ ओढला जातो आणि पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

यावर माझा उपाय ड्रमचा आहे. शंभर-दोनशे लिटरचा ड्रम ओट्यावर, मशीनपेक्षा उंच जागी, सावलीत ठेव. आदल्या रात्री भर, पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरव. सकाळपर्यंत गाळ तळाला बसतो. ड्रमच्या बाजूला, तळापासून वीतभर वर, पाऊण इंचाची तोटी बसवून घे आणि तिथून आखूड, जाड पाइप मशीनला जोड. पाणी आपसूक खाली येतं, पंपाला ओढत बसावं लागत नाही. ड्रम जमिनीवर ठेवून पाइप नुसता आत बुडवलास तर पंपाला पाणी वर खेचावं लागतं. सगळ्या मशीनना ते जमत नाही. पुस्तिकेत तसं लिहिलं असेल तरच कर, आणि तेव्हाही पाइप आधी पाण्याने पूर्ण भरून घे.

आता उन्हाचं. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात महत्त्वाची आहे असं मला वाटतं. बहुतेक घरगुती मशीनच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं, की आत जाणारं पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. मेमध्ये जळगाव-भुसावळला हवाच ४५ च्या घरात असते. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, उन्हात पडलेल्या नळीतलं तर त्याहून. ते पाणी पंपात गेलं की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे सील मऊ पडतं आणि लवकर झिजतं. दुसरी अशी, की पंप पाणी ओढतो तेव्हा आत दाब कमी होतो, आणि कमी दाबात गरम पाण्याची पटकन वाफ होते. वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि पुढच्याच क्षणी दाबाने फुटतात. फुटताना धातूला टोचे पाडतात. बाहेर तुला फक्त खडखड ऐकू येते, जणू पंपात खडी पडली आहे. असा आवाज आला तर लगेच बंद कर.

तू म्हणशील, गरम पाण्याने धुणारी मशीनं असतातच की. असतात. जर्मनीत कार्चर कंपनीने १९५० मध्येच गरम पाण्याचं प्रेशर वॉशर काढलं होतं. पण अशा यंत्रात सहसा पंप थंड पाणी घेतो आणि पाणी तापतं ते पंपातून बाहेर पडल्यावर, पुढच्या नळीच्या वेटोळ्यात. पंपाला गार पाणीच द्यायचं असतं. म्हणून उन्हाळ्यात गाडी धुवायची तर सकाळी आठच्या आत. आणि सुरू करण्याआधी नळीत साठलेलं तापलेलं पाणी झाडांच्या आळ्यात सोडून दे, वाया जाऊ देऊ नकोस.

बादली भरली, पाणी गार आहे, तरी झटके येतात? मग मशीनच्या तोंडाशी, जिथे पाइप जोडतेस तिथे, आत बघ. छोटी जाळी असते. पकडीने अलगद ओढ. बऱ्याचदा तिथेच गंजाची भुकटी, शेवाळ, प्लॅस्टिकचे कपचे निघतात. जुन्या टूथब्रशने धू आणि परत लाव. जाळीशिवाय मशीन कधी चालवायचं नाही, जाळी फाटली असेल तर नवी आणेपर्यंत थांब. मग जोडणीतली रबरी वॉशर बघ. पंप ओढताना जिथून पाणी गळत नाही तिथूनही हवा आत शिरू शकते, म्हणून कोरडं दिसलं तरी विश्वास ठेवू नकोस. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळ, क्लिप घट्ट कर. साबण ओढणारी बारीक नळी असेल तर तिचा नॉब बंद आहे ना ते बघ. तिथून हवा जाते आणि आपण पंपाला नावं ठेवत बसतो.

हवा आहे की व्हॉल्व्ह, हे ओळखायला कान लाव. झटके वेडेवाकडे, कधी दोन, कधी पाच, मध्येच नीट धार, असं असेल तर हवा किंवा पाण्याचा तुटवडा. झटके एका तालात, सारखे, न चुकता येत असतील तर तीनपैकी एक पिस्टन पाणी देत नाही, म्हणजे त्याचा व्हॉल्व्ह अडकलाय किंवा सील गेलंय. तू मला फोनवर ऐकवलंस ते पहिल्या प्रकारचं वाटलं, म्हणून तर मी एवढ्या खात्रीने बोलतेय.

हवा काढायची रीत: नोझल काढून टाक, गन दाबून धर, नळ सोड आणि मशीन बंद असतानाच पाणी सलग, बुडबुड्यांशिवाय यायला लागेपर्यंत वाट बघ. मग मशीन सुरू कर, थोडं चालू दे, मग बंद करून नोझल लाव. दर वेळी सुरू करताना हेच करायचं, अंगवळणी पाडून घे.

नोझलबद्दल फार लिहीत नाही. भोक मिलिमीटरभरच असतं, त्यात एक कण पुरतो. रॉकेलच्या स्टोव्हची पिन घरात सापडली तर तिने, नाहीतर बारीक तारेने साफ कर आणि उलट्या बाजूने पाणी मार. भोक मोठं करायचं नाही. झिजून मोठं झालेल्या नोझलने दाब पडतो, आणि नवं नोझल पंपाच्या मानाने फार स्वस्त असतं. नोझल फिरवून फवारा किंवा धार करता येत असेल तर ते कमी दाबाच्या खुणेवर राहिलेलं नाही ना, तेही बघून घे.

खाऱ्या पाण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण ते हळूहळू मारतं. तुमच्या बोअरच्या पाण्याने गीझरमध्ये, तोट्यांवर जो पांढरा थर बसतो तोच पंपात बसतो. आपल्या काळ्या पाषाणातून येणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पाण्याची तपासणी करून घेतलीस तर तुमच्या बोअरचा आकडा कळेल. मशीन बंद केल्यावर पंप गरम असतो, आतलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो. पुढच्या वेळी पिस्टन हलला की ते खरखरीत कण सीलच्या ओठाला कापतात. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. महिनोन्‌महिने पडून राहिलेलं मशीन सुरू करताना मोटर नुसती गुणगुणते, त्याचंही एक कारण हेच.

काढलेले व्हॉल्व्ह, जाळी, नोझल यावर थर असेल तर लिंबूसत्त्व वापर. कोमट पाण्याच्या एका लिटरला दोन-तीन चमचे, त्यात अर्धा तास भिजव, ब्रशने घास, साध्या पाण्याने खळखळून धू. ठिबकच्या नळ्यांना शेतकरी ॲसिड देतात हे आपण लहानपणापासून बघत आलोय, जळगाव तर ठिबकचंच गाव. पण ती युक्ती इथे आणू नकोस. ठिबकच्या नळ्या प्लॅस्टिकच्या असतात, तुझ्या पंपाचं डोकं बहुधा ॲल्युमिनियमचं आहे, ॲसिड ते खाऊन टाकेल. संडास धुण्याचं ॲसिडही नको. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचिंग पावडरजवळ तर अजिबात नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तो छातीत बसतो.

आणखी एक. आरओचं वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुवायची तुझी सवय मला फार आवडते, पाण्याची किंमत कळणाऱ्या घरात वाढलोय आपण. पण ते पाणी या मशीनमधून नको. आरओ जे क्षार गाळतो ते सगळे त्या पाण्यात उतरलेले असतात, म्हणजे ते मूळ बोअरपेक्षा खारं. बादली आणि फडक्याने गाडीला वापर, फरशीला वापर, पंपाला नको.

इतकं करूनही तालात झटके राहिले, तर मग पंप उघडायचा. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र थांब, उघडू नकोस, लेखी तक्रार कर. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू केलं, त्यात काही कंपन्यांच्या पुस्तिका आणि सुट्या भागांची माहिती मिळते. तुझं मशीन जुनं आहे, वॉरंटी संपलीये, म्हणून पुढचं सांगते.

प्लग काढ, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नळ बंद कर आणि गन दाबून आतला दाब सोड. खाली पांढरी चादर अंथर, परात घे, म्हणजे स्प्रिंग पळून जाणार नाहीत. प्रत्येक पायरीचा फोटो काढ. पंपाच्या डोक्यावर पितळी किंवा प्लॅस्टिकची टोपणं दिसतील, त्यांच्याखाली व्हॉल्व्ह असतात. काही मशीनमध्ये डोक्याचे बोल्ट एलन कीने काढल्यावरच व्हॉल्व्ह दिसतात. बोल्ट एकदम एकच पूर्ण काढू नकोस, समोरासमोरचे थोडे थोडे ढिले कर, कारण आत पिस्टनच्या स्प्रिंग दाबून बसवलेल्या असतात.

व्हॉल्व्ह काढलास की काडीपेटीच्या काडीने हलकेच दाब. टुणकन परत यायला हवा. अडकला तर बघ, वाळूचा कण, क्षार, तुटलेली स्प्रिंग यांपैकी काहीतरी असेल. धुऊन हलू लागला तर त्याच जागी परत जाऊ दे, जागा बदलू नकोस. ओ-रिंगला सिलिकॉनचं ग्रीस बोटाने हलकेच लाव, घरातलं खोबरेल किंवा गाडीचं ग्रीस नको.

सील बदलायचं असेल तर जुनं काढताना स्क्रू ड्रायव्हर घुसवू नकोस. भिंतीला ओरखडा पडला की नवं सीलही गळेल. तारेचा छोटा आकडा करून ओढ. आणि बसवण्याची दिशा नीट बघ: सीलचा उघडा ओठ पाण्याकडे, दाबाच्या बाजूला असला पाहिजे. दाब वाढला की ओठ फाकतो आणि पिस्टनला चिकटतो, म्हणून तर ते पाणी अडवतं. त्याच्या मागचं ऑइल सील वेगळं असतं, त्याची स्प्रिंगची बाजू तेलाकडे. पिस्टनवर बोट फिरवून बघ, नखाला रेघ लागली तर तो बदलायला हवा, नाहीतर नवं सील आठवड्यात जाईल.

तेलाची काच किंवा बूच असेल तर तेलाचा रंग बघ. दुधाळ झालं असेल तर पाणी तेलात शिरलंय, म्हणजे सीलनी हात टेकलेत. तेल पुस्तिकेत लिहिलंय तेच भर. लहान मशीनमध्ये पुष्कळदा पंप सीलबंद असतो, तेल बदलायची सोयच नसते. तिथे उगाच भोकं शोधू नकोस.

सुटे भाग कुठे मिळतील याची काळजी करू नकोस. जुनं सील सोबत घेऊन जा, त्यावर तीन आकडे कोरलेले असतात, १२-२०-५ असे काहीतरी: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. धुळ्यात फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्याकडे आधी विचार, त्या माणसांना या कामाची नजर असते. तिथे नाही मिळालं तर मला फोटो आणि आकडे पाठव, इथे जळगावला एमआयडीसीच्या बाजूला बेअरिंग आणि ऑइल सील विकणारे आहेत, मी बघते. मशीनच्या मॉडेलचं पूर्ण सील किट मिळालं तर तेच घे. फवारणी पंपाचं सील मापाने बसलं तरी १०० बारला टिकेलच असं नाही, दुकानदाराला दाब सांगून घे.

गन सोडल्यावर मशीन आपोआप बंद होतं ना तुझं? ते मधूनच स्वतःहून सुरू-बंद होत असेल, तर पंपाच्या पुढे कुठेतरी गळतंय. गनची ओ-रिंग, नळीची जोडणी, नाहीतर पंपातला पाणी मागे न येऊ देणारा व्हॉल्व्ह बघ. आणि पहिल्यांदा दाब येतो, गन सोडून परत दाबली की येत नाही, असं असेल तर दाब सांभाळणारा बायपास व्हॉल्व्ह अडकलाय. तो काढून साफ करून ग्रीस लावता येतो, पण त्याचा दाब ठरवणारा स्क्रू फिरवू नकोस. दाब वाढवायच्या नादात लोक तो आवळतात आणि नळी फुटते.

विजेच्या बाबतीत मी कडक आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. दोन हजार वॉटची मोटर २३० व्होल्टवर नऊ अँपिअरच्या आसपास ओढते, सुरू होताना त्याहून कितीतरी जास्त. ती मोठ्या पॉवर सॉकेटलाच लावायची. पंख्याच्या बारीक वायरचं एक्स्टेन्शन लावलंस तर व्होल्टेज पडतं, मोटर गुणगुणते आणि जळते. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर चालू असतात, तेव्हा तर लावूच नकोस. सुरू करताना गन दाबून धरलीस की मोटरवर भार कमी येतो. एवढं करूनही नुसती गुणगुण असेल, आणि प्लग काढून मागचा पंखा हाताने फिरत असेल, तर कंडेन्सर गेला असण्याची शक्यता मोठी. त्याला तू हात लावायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. मोटर वाइंडिंगवाल्याकडे दे. मोटर छोटी, मिक्सरसारखी ओरडणारी असेल आणि ठिणग्या दिसत असतील तर तिचे कार्बन झिजलेत, तेही तोच बदलून देईल. घरात वीज गळली की पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी बसवलेली नसेल तर मशीनच्या आधी ती बसवून घे. ओल्या अंगणात, ओल्या पायांनी आपण विजेचं यंत्र हाताळतो गं.

आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना वाचून दाखव. १०० बारची धार नोझलमधून ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते. ती कातडीतून आत शिरते. बोटावर टाचणीएवढं भोक दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत पाणी, घाण, साबण स्नायूंपर्यंत गेलेला असतो. हळद लावून घरी बसायचं नाही. ताबडतोब हिरे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं आणि प्रेशर वॉशरची धार आत गेलीये असं स्पष्ट सांगायचं, कारण नुसती जखम बघून तिचं गांभीर्य कळत नाही. गन कुणाकडे रोखायची नाही, पाय धुवायला वापरायची नाही, मुलांच्या हातात द्यायची नाही. चप्पल नको, बूट घाल, डोळ्यांवर चष्मा.

सासूबाई काही म्हणतील, हे तुझ्या मनात आहे ते मला कळलंय. तू मिक्सरचं भांडं खोलून साफ करतेस, शिलाई मशीनला तेल घालतेस, तेव्हा कुणी काही म्हणत नाही. हे त्याहून अवघड नाही. पाव्हण्यांना सोबत बसव, फोटो त्यांनी काढावेत, पाना तुझ्या हातात राहू दे. व्हॉल्व्हला काडी लावून तो टुणकन उडाल्यावर त्यांनाही पुढचं बघायची इच्छा होईल, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे.

काम झाल्यावर ठेवायचं कसं तेही बघ. शेवटची दोन-तीन मिनिटं नळाचं गोडं पाणी त्यातून जाऊ दे, बोअरचं नको. मग नळ बंद करून, पाइप काढून, गन उघडी ठेवून काही सेकंदच चालव, आतलं पाणी निघून जाऊ दे, आणि बंद. गच्चीवर उन्हात ठेवू नकोस, नळी तडकते. जिन्याखाली सावलीत राहू दे. गाडी धुवायची नसली तरी महिन्यातून एकदा पाणी लावून थोडं चालव, म्हणजे सील चिकटून बसणार नाहीत.

नवं सील बसवलंस की पहिल्यांदा नोझल न लावता चालव, हवा जाऊ दे. मग नोझल लाव आणि पंपाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवून पाच मिनिटं बघत बस. कागद कोरडा राहिला तर गाडी बाहेर काढ. थेंब पडला तर बंद करून मला सीलचा जवळून फोटो पाठव. ओठ उलट्या बाजूला बसला असेल तर मी इथूनच सांगेन. पण हे सगळं पुढचं. उद्या सकाळी फक्त बादली आणि घड्याळ घे, किती सेकंदांत भरली ते मला कळव.